मन्मथअप्पांची अनवाणी बाग

हे लिहायचा अधिकार मला आहे का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्ज, नाहीतर लग्नाच्या पत्रिकेवरची नावं. एखाद्या माणसाबद्दल लिहिताना काय सांगावं आणि काय झाकून ठेवावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय मन्मथअप्पा माझे कुणी लागत नव्हते. नांदेडला बी.एस्सी. करताना तीन वर्षं मी ज्या खोलीत भाड्यानं राहिलो, तिच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसायचं, एवढाच आमचा संबंध. त्यातही त्या अंगणात मी एकदा अशी चूक करून ठेवली की खरं तर मी गप्प बसायला हवं. तरी लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी माझं वय आणि माझा धीर, दोन्ही बघून माफ करावं.

अप्पा रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज रुळावरून पायी जायचं, रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघायच्या, आणि सैल झालेली असेल ती हातोडीनं ठोकून बसवायची. मुदखेडच्या बाजूला त्यांचा पट्टा होता. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चालणं तेच राहिलं होतं. नजर खाली, पाऊल एका मापाचं, रुळांखालच्या दोन स्लीपरांमधल्या अंतराएवढं. रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालायचं म्हटलं की माझी धांदल उडायची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग, आणि सदऱ्याच्या खिशात एक छोटी हातोडी. हातोडी कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सवय हाय. खिसा हलका झाला की तोल जातो."

त्या हातोडीनं ते कशावरही टकटक करायचे. माठावर, भिंतीवर, कलिंगडावर. "आवाज बघू ह्याचा," असं म्हणायचे. आवाज ऐकू असं नाही, आवाज बघू. पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले तेव्हा टेबलावरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावर बोटानं दोनदा वाजवून म्हणाले, "भरीव हाय. वाच." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मला ते 'कालेज' म्हणायचे. "काय कालेज, जेवलास का?"

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. अक्का तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली. पुढे अप्पांची बायको वारली तेव्हा त्यांची मुलगी महानंदा लहान होती. तिला अक्कानंच वाढवलं. महानंदाताई आता लातूरला असते, नवराबायको दोघं नोकरी करतात, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे.

आता जे सांगतो ते मला फार उशिरा कळलं. पण वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकतो, नाहीतर अप्पांचं वागणं तुम्हालाही माझ्यासारखंच वेड्यासारखं वाटेल. अक्काची नजर चालली होती. साखरेच्या आजारानं डोळ्यांचे पडदे खराब झाले होते, आणि गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. ही गोष्ट त्या दोघांनी महानंदाताईपासून लपवली होती, कारण तिला कळलं असतं तर त्याच दिवशी तिनं अक्काला लातूरला नेलं असतं. तिचं चुकलंही नसतं. पण अक्काचं एकच म्हणणं होतं. ती अप्पांना म्हणाली होती, "ज्या दिवशी न्हाणीला जाताना मला कुणाचा हात धरावा लागंल, त्या दिवशी मी गेले समज. तवर मला ह्या अंगणात चालू दे."

न्हाणी आणि संडास अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात होते. नळ दुसऱ्या बाजूला. पूजेसाठी लागणारं बेलाचं झाड तिसरीकडे, आणि फाटक समोर. या चार जागांना अक्कानं एकटीनं जावं, कुणाचा हात न धरता जावं, एवढ्यासाठी अप्पांनी ती बाग करायला घेतली. गल्लीत मात्र सगळ्यांना सांगितलं होतं, "रिटायर मानसाला काहीतरी छंद पाह्यजे ना."

पेन्शनीतला मोठा भाग अक्काच्या औषधांना जायचा. त्यामुळे बागेला लागणारं सामान स्वस्तातलंच हवं होतं. पण अप्पांचं स्वस्त म्हणजे मिळेल ते आणून टाकणं नव्हे. एक एक वस्तू त्यांनी जशी निवडली तसा आमच्या गावाकडे लोकांना बैलसुद्धा निवडताना मी पाहिलं नाही.

एकदा ते मला फरशीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानातला पोरगा मोठा उत्साही. "काका, गार्डन करायलाव ना? हे बघा पांढरे गोटे. पॉलिशचे. फोटोत लई भारी येतेत." अप्पांनी चपला काढल्या, आणि फोडून दाखवलेल्या गोट्यांच्या पोत्यात सरळ पाय घालून उभे राहिले. डोळे मिटून.

"ओ काका! त्याच्यावर उभं नसतेत ऱ्हात! ते बघायचे दगड हायेत."

"आमच्या घरी बघनारं कोनी न्हाई," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

पोरगा हसला, मीही हसलो. मग ते एका चकचकीत टाइलवर उभे राहिले, मग खडबडीत टाइलवर, मग पेव्हर ब्लॉकवर. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ते दुकानाच्या मागे गेले. तिथं शहाबादी फरशीच्या तुकड्यांचा ढीग होता, कोपरे तुटलेले, वेडेवाकडे. त्यांनी माझ्या बाटलीतलं पाणी एका तुकड्यावर ओतलं, टाच घासून पाहिली, हातोडीनं टक् केलं, आणि चेहरा उजळला.

"हे कितीला द्यायलाव?"

मालक काउंटरवरून म्हणाला, "ते? ते लोक भरावाला नेतेत, अप्पा. न्या की खुशाल. टेम्पो तेवढा तुमचा."

येताना टेम्पोत बसल्यावर मी म्हटलं, "अप्पा, ते पांढरे गोटे दिसायला चांगले होते." ते म्हणाले, "चकचकीत असतं ते ओलं झालं की फसवतं. हे बघ, शहाबादी उन्हाळ्यात बी गार ऱ्हाते. पाय पडला की कळतंय, नळाकडं चाललोय." मला ते वाक्य तेव्हा अर्धंच समजलं.

विटांच्या बाबतीतही तसंच. भट्टीवर त्यांनी सगळ्यात मागे टाकून दिलेल्या विटा मागितल्या, जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकलेल्या, काही तर एकमेकींना चिकटलेल्या. भट्टीवाला म्हणाला, "लोक टमाटे निवडल्यासारख्या लाल लाल विटा निवडतेत, अन् तुम्ही हे काय घेऊन चालले?" अप्पा म्हणाले, "कच्ची वीट दोन पावसाळ्यात विरघळती. हिनं लई जाळ खाल्लाय. हिला आता काय होनार?" त्या विटा त्यांनी उभ्या कडेवर, थोडं थोडं अंतर ठेवून, न्हाणीच्या वाटेत बसवल्या. पायाला शिडीवर चालल्यासारखं वाटायचं. फाटकाच्या वाटेवर बारीक मुरूम टाकून धुमसानं चोपला. तो पावलाखाली कुरकुर वाजायचा. बेलाकडे जाणाऱ्या वाटेवर सोयाबीनचं भुसकट अंथरलं, रेणापूरकडच्या भावकीच्या शेतातून पोत्यात भरून आणलेलं, कापसासारखं मऊ. वाळूचं नाव काढलं तर हात जोडायचे. "वाळू आता सोनाराच्या दुकानात मिळती, बाबा." कुंपण तुराट्यांचं, तुरीच्या वाळलेल्या काड्या सुतळीनं आवळून बांधलेलं. आणि झाडं सगळी मागून आणलेली. ज्याच्या दारात बरी फांदी दिसली त्याच्या दारात अप्पा उभे. पण फुलाच्या रंगाकडे बघायचे नाहीत. पान चुरगाळून वास घ्यायचे. नळाजवळ गवती चहा, न्हाणीच्या वळणावर मरवा, फाटकाशी मोगरा.

मी त्यांना खूश करावं म्हणून एकदा एक गोष्ट केली. कॉलेजातून येताना रुळाच्या कडेला खडीचा ढीग दिसायचा. काळी, टोकदार, एकसारखी खडी. फुकटात पडलेली. मी दप्तरात बसेल तेवढी भरून आणली आणि त्यांच्यासमोर ओतली. अप्पांनी एक खडा उचलला. हातात फिरवला.

"कुठून आनलीस?"

मी सांगितलं.

"ही कामावर हाय," ते म्हणाले.

"काय?"

"ही खडी कामावर हाय. गाडीचं वजन धरती ही. हिला ड्युटीवरून कामून उचललीस?"

मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. त्यांनी मला ती परत भरायला लावली, आणि माझ्याबरोबर स्वतः चालत आले. ढिगापाशी पोचल्यावर दप्तर रिकामं केलं, तर एक खडा तळाशी अडकून राहिला होता. तो त्यांनी बोटानं काढला आणि ढिगावर ठेवला, ओतल्यासारखा नाही, ठेवला.

खिडकीतून ते अंगण बघत मी अभ्यास करायचो. हिवाळ्यात सकाळी धुकं असायचं, आणि त्या धुक्यातून अक्का लोटा घेऊन निघायची. पांढऱ्या लुगड्यातली, हळू, पण न थांबता. तिचे पाय दिसायचे नाहीत. ती पाण्यावरून सरकत गेल्यासारखी वाटायची. आधी फरशीवरचा पावलांचा ओला आवाज, मग नळाची धार. थोड्या वेळानं भुसकटावरून जाताना काहीच आवाज नाही, आणि एकदम बेलाची फांदी हलायची. मला वाटायचं, ही बाई किती शांत चालते. ती बघत नाही, हे कधी मनात आलं नाही. मी तिसऱ्या वर्षाला आलो तरी आलं नाही.

त्या वर्षीची येळवस आली. आमच्या भागात ही अमावस्या मोठी. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोप करतं, पांडवांची पूजा करतं, भज्जी आणि बाजरीचे उंडे खातं, आंबील पितं. अप्पा रेणापूरला भावकीच्या शेतात गेले. लातूरहून महानंदाताईही तिकडेच येणार होती, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून नांदेडला येणार होते. अक्का दरवर्षी जायची. या वर्षी म्हणाली, "गुडघा दुखायलाय." माझी परीक्षा होती म्हणून मीही गावी गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, पाहुणे येणार आहेत, आपण अप्पांचं अंगण नीट करून ठेवावं. या माणसानं तीन वर्षं आपल्याला जेवलास का म्हणून विचारलं. मला खरंच ते अंगण ओबडधोबड वाटायचं. तिथं फरशीचे तुकडे, इथं काळ्या विटा, पलीकडे भुसकट, कशाचा कशाला मेळ नाही. बाग म्हणजे काय, ते मला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं शिकवलं होतं. सव्वीस जानेवारी आली की गुरुजी आमच्याकडून विटा तिरप्या रोवून घ्यायचे, ओळीनं, आणि एकीला गेरू, एकीला चुना लावायचे. त्याहून सुंदर बाग मी पाहिली नव्हती.

मी खराटा चालवायला लागलो तेव्हा आतून अक्कानं विचारलं, "कोन हाय?"

"मी हाय अक्का. झाडून काढतो जरा."

"झाड बाबा, झाड. गुणाचं लेकरू."

ती झोपली. मी काळ्या विटा उकरल्या. त्या नुसत्या मुरमात बसवलेल्या होत्या, सहज निघाल्या. बेलाभोवती गोल तिरप्या रोवल्या. माझ्या घरमालकीण मावशींकडे दिवाळीचा गेरू आणि चुना उरला होता, तो लावला. भुसकट पोत्यात भरलं. शहाबादीचे तुकडे भिंतीशी रचले. सगळीकडे मुरूम ओढून एकसारखं केलं. चार वाजले. अंगण आरशासारखं सपाट झालं होतं, आणि मधोमध लाल-पांढरं, लाल-पांढरं कडं. मी घाम पुसत उभा होतो आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

अक्का घागर घेऊन दारात आली. पायरी उतरली. एक पाऊल टाकलं, आणि थांबली. पाय उचलून परत टेकवला. मग दुसरा पाय थोडा डावीकडे. मग उजवीकडे. पुराच्या पाण्यात माणूस जसं पायानं तळ शोधतं, तसं.

"मन्मथ?" ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "कोन हाय इथं? फरशी कुठं गेली?"

"अक्का, मी हाय. बघा की! किती छान दिसायलंय!"

ती माझ्या आवाजाकडे वळली. तिचे डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

"मला दिसत न्हाई रे," ती म्हणाली. "महानंदाला सांगू नको. ती येईल आता. मला नळाकडं तोंड करून दे, पुढं मी बघते."

मी तिच्याजवळ जाणार, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. महानंदाताईचा आवाज आला, "आत्या! बघा तुमच्यासाठी उंडे आनलेत!" अक्का हसली. हसून, घागर कमरेला घेऊन, ती फाटकाकडे निघाली. पण पायाखाली सगळीकडे सारखाच मुरूम. ती बेलाकडे गेली. सरळ जाऊन माझ्या लाल-पांढऱ्या विटांना अडखळली. घागर पडून लांब घरंगळत गेली, आणि ती घागर शोधायला खाली वाकून दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागली. घागर तिच्या मागे होती.

महानंदाताईला त्यानंतर कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरातलं बोलणं माझ्या खोलीपर्यंत येत होतं. मी कान झाकून घेतले असं म्हणणार नाही. महानंदाताई रडत होती. "माझ्यापासून लपवलंत. मला जिनं वाढवलं तिचे डोळे गेले, अन् मला म्हाईत न्हाई! उद्या सकाळच्या गाडीनं मी आत्याला घेऊन चालले." अप्पांचा आवाज, "तिला तिथं खोलीत बसवशील." ताई म्हणाली, "अन् इथं काय, पडून मरू देऊ? तुम्ही किती दिवस पुरनार हाव, अप्पा? तुमच्यामागं कोन धरंल तिचा हात?" मग अक्का म्हणाली, "उद्या दुपारच्या गाडीनं जाऊ. सकाळी मला एकदा चालू दे. पडले तर येते तुझ्यासंगं. न्हाई पडले तर तोंड बंद ठेवायचं."

उजाडता उजाडता अप्पा अंगणात आले. मी खाली गेलो. ते त्या लाल-पांढऱ्या कड्याकडे बघत उभे होते.

"रंग बरा लावलास," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नंतर. फावडं घे."

मी चुना खरवडायला बसलो तर म्हणाले, "रंग ऱ्हाऊ दे. पायाला काय कळतंय रंग." एक एक वीट आम्ही परत कडेवर उभी केली. नकाशा नव्हता, दोरी नव्हती. ते नुसते चालत होते, एका मापाचं पाऊल टाकत, आणि जिथं पाऊल पडेल तिथं एक वीट ते बसवायचे, एक मी. फरशी बसली, भुसकट पसरलं. धुकं अजून होतं. काम झाल्यावर ते मला म्हणाले, "चपला काढ. डोळे मीट. न्हाणीपतुर जाऊन ये."

मी डोळे मिटले. आधी भीती वाटली. मग पायाखाली गार फरशी आली, तिचा तुटका कोपरा, मग दुसरी. गवती चहाचा वास आला आणि मला कळलं की नळ उजव्या हाताला आहे. मी मागे फिरलो. मुरूम कुरकुरला, मग पहिली वीट लागली, दुसरी, तिसरी, शिडी चढावी तशी. मरव्याचा वास आला तसं माझं अंग आपोआप वळलं. तीन वर्षं मी ते अंगण वरून बघितलं होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. पाखरं ओरडत होती, दूर गाडीची शिटी झाली, आणि मला वाटलं की मी असाच चालत राहिलो तर आमच्या देगलूरकडच्या गावापर्यंत पोचेन, कुठंही न अडखळता.

ऊन वर आल्यावर अक्का दारात आली. महानंदाताई पायरीशी उभी, अप्पा तिच्या शेजारी, मी कुंपणापाशी. अक्का नळावर गेली, हात धुतले. परत आली. बेलाकडे गेली, तीन पानांची डहाळी चाचपून तोडली, पदरात ठेवली. फाटकाला हात लावून आली. मग न्हाणीकडे वळली. मधल्या विटांवर तिचा पाय मुरगळला आणि ती गुडघ्यावर बसली.

ताई धावणार, तसं अप्पांनी तिचं मनगट धरलं. "थांब."

"अप्पा, सोडा!"

"थांब म्हनलं."

अक्का गुडघ्यावरच होती. तिनं तळहातानं वीट चाचपली. दाबली. हलवून पाहिली. मग तोंड वर करून, जरा रागानंच, म्हणाली, "मन्मथ, इथं एक वीट सैल हाय. नोकरीत असंच काम केलंस का?"

अप्पांनी खिशातून हातोडी काढली. पण गेले नाहीत. अक्का उठली, लुगडं झटकलं, पुढची वीट पायानं शोधली, आणि न्हाणीपर्यंत गेली. दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अप्पा गेले आणि ती वीट ठोकून बसवली. महानंदाताई पायरीवर बसली. तिनं चपला काढल्या, आणि कुणी सांगितलं नसताना डोळे मिटून एकदा नळापर्यंत जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "सहा महिने बघू, अप्पा. सहाच महिने." ती दुपारच्या गाडीनं एकटीच गेली. पुढे सहा महिने झाले, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

ती सैल वीट कुणी बसवली होती, हे अप्पांनी मला कधी विचारलं नाही. मला माहीत आहे. मी बसवली होती.

परीक्षा झाली, मला पुढच्या शिक्षणाला लातूरला प्रवेश मिळाला. ज्या दिवशी खोली सोडली त्या पहाटे निरोप घ्यायला मी कुंपणापाशी गेलो. तांबडं फुटत होतं. अप्पा अंगणात एकटेच होते. अनवाणी, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात पाठीशी धरलेले. ते न्हाणीकडून नळाकडे, नळाकडून फाटकाकडे असे चालत होते, अगदी हळू, अक्काच्या पावलाच्या मापानं. एका जागी थांबले, टाचेनं जमीन दाबून पाहिली, मान हलवली, पुढे गेले. मी हाक मारली नाही. ते चालत होते तोवर उभा राहिलो आणि मग पेटी उचलून बसस्टँडला गेलो.

लातूरला आल्यावर माझा मोबाइल हरवला, नंबर बदलला. नवं कॉलेज, शिकवण्या, यात मी नांदेडला फोन केला नाही. ही माझी दुसरी चूक. पोळा होऊन गेल्यावर एक दिवस वर्गमित्राकडून नंबर मिळवून घरमालकीण मावशींनी फोन केला. त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो, त्यात माझं काही घालत नाही.

"तुला कळवायचं ऱ्हायलं रे. अप्पा गेले. दोन महिने झाले. झोपेतच गेले, तरास न्हाई झाला. महानंदा आली होती, सगळी भावकी आली. आंगनात पाय ठेवायला जागा नव्हती, बघ. त्यांच्या लिंगायत रीतीनं अप्पांना बसवून फुलं घातले, न्यायची येळ झाली, तर लोक म्हनले अक्काला आतच बसू द्या, तिला दिसत न्हाई, गर्दीत पडंल. महानंदानं हात पुढं केला. अक्का दारात आली. पाय टेकवला, तर खाली सगळ्या चपलाच चपला, लोक वाटंवर उभे. ती म्हनली, वाट सोडा. एवढंच म्हनली. लोक बाजूला झाले, बाया खाली बसून पटापट चपला उचलायल्या. अन् मग अक्का एकटी गेली, बाबा, भावाच्या मागं, फाटकापतुर. कोनाचा हात न्हाई धरला. लातूरला बी न्हाई गेली. महानंदाच येती अधूनमधून. अक्का आत्ता बी खिडकीतून दिसायलीय मला. नळावर हाय."